हत्तीणीचा दिवा, धार ते देवास

सर्व संबंधितांस, म्हणजेच ज्यांचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही अशा तमाम वाचकांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, यंदाच्या दसऱ्याला, सूर्य मावळल्यानंतर, देवास मुक्कामी, भर रस्त्यात, एका मोटारसायकलीचा दिवा लागला. सदर दिवा लागावा म्हणून खाली सही करणारा इसम सांगलीहून निघाला, धारला उतरला, धारहून देवासला गेला आणि या सगळ्यात अब्रू गमावता गमावता थोडक्यात वाचला. वाचकांनी उभं राहण्याची गरज नाही. बसून वाचलं तरी चालेल.

आता नीट सांगतो.

माझी सासुरवाडी देवासची. देवास हे असं गाव की तिथं पूर्वी एकाच वेळी दोन राजे नांदत होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन दरबार, दोन राजवाडे, आणि रस्त्याची एक बाजू एकाची तर दुसरी दुसऱ्याची. राजे गेले, संस्थानं गेली, गावात कारखाने आले, नोटा छापायचा छापखाना आला, पण जुन्या मराठी घरांतली माणसं आपण कुठल्या पातीची हे काही विसरली नाहीत. माझे सासरे तात्या दिवटे धाकट्या पातीचे. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर महाराष्ट्रातून आले ते हातात मशाल घेऊन. स्वारीपुढे उजेड धरायचा, हे त्यांचं काम.

तात्यांनी स्वतः जन्मभर कारखान्यात लेथ चालवली. पण वर्षातून एक संध्याकाळ ते अजून मशालजी असतात. दसऱ्याला त्यांच्या घरातली देवी पालखीत बसून सीमोल्लंघनाला निघते. आमच्याकडे सांगलीत सीमा ओलांडायची तर गावाबाहेर जावं लागतं. देवासला रस्ता ओलांडला तरी पुरतं, कारण दोन पात्यांची जुनी सीमा रस्त्याच्या मधोमधच होती. पालखी तिथपर्यंत जाते. पुढे दिवट्यांचा उजेड, रस्त्यावरचे दिवे तेवढ्या वेळापुरते बंद. सीमेवर पोचलं की दिवटा मागे वळतो, मशालीनं देवीला ओवाळतो, मग शमीची पूजा आणि सोनं वाटणं. थोरल्या पातीच्या लोकांचा मान पालखीच्या मागे, छत्र धरून चालण्याचा. नियम एकच आणि कडक: थोरल्यांनी पालखीच्या पुढे यायचं नाही, धाकट्यांनी मागे जायचं नाही.

तात्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी मशाल सोडली आणि मोटारसायकलीवर बसून पालखीपुढे निघायला लागले. ही मोटारसायकल माझ्या बायकोपेक्षा वयानं मोठी. कंपनीचं नाव मी सांगत नाही, टाकीवरून ते केव्हाच उडालंय. तात्या तिला हत्तीण म्हणतात, कारण ती डुलत चालते, आणि एकदा बसली की चार माणसांशिवाय उठत नाही.

तर या हत्तीणीचा एक दोष. तिच्या दिव्याला वीज मिळायची ती थेट इंजिनातून. इंजिन जोरात तर दिवा मोठा, इंजिन हळू तर दिवा उदबत्तीएवढा. आणि पालखी चालते मुंगीच्या पावलांनी. गेल्या वर्षी तात्यांनी क्लच दाबून रेस दिली. उजेड बेताचाच पडला, धूर मात्र असा सुटला की पालखीचे भोई खोकायला लागले आणि देवी होडीसारखी हेलकावे खायला लागली. ऐन सीमेवर हत्तीण बंद पडली. अंधार. मागून थोरल्या पातीच्या अण्णांनी पिकअपवरचे दोन हॅलोजन लावले आणि देवीची पाठ तेवढी झगमगली.

अण्णा म्हणजे तात्यांचे शाळासोबती आणि पातीवैरी. त्यांनी पंचांना तिथल्या तिथे सांगितलं की पुढच्या वर्षीही दिवा विझला तर पुढचा मान आमचा. पंच म्हणाले, ठीक आहे. तात्या काहीच म्हणाले नाहीत, आणि ते काहीच म्हणाले नाहीत हे माझ्या बायकोनं, शैलानं, मला रडत सांगितलं.

सांगलीत माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. मी तात्यांना फोन लावला आणि छाती ठोकून म्हणालो, "तात्या, या वर्षी मी एलईडी बसवतो. देवीला गॉगल लागेल."

तात्या म्हणाले, "गॉगल नको जावईबापू. उजेड पुरे."

धार

हत्तीण तेव्हा इंजिनाच्या कामासाठी धारला मोहनभियांच्या गॅरेजात होती. शैला आधीच देवासला पोचली होती. मी मांडीवर एलईडीचा खोका घेऊन, नव्या सुनेनं दागिन्यांचा डबा सांभाळावा तसा तो सांभाळत, सकाळी धारला उतरलो.

उतरल्या उतरल्या पोहे. सांगलीत पोहे हा घरातला पदार्थ, पाहुणे आले की होतो. माळव्यात तो सार्वजनिक उत्सव आहे. वाफेवरचे मऊ पोहे, वर शेव, वर कांदा, वर जिरावन नावाचा आंबट-तिखट मसाला, आणि शेजारी जिलबी. मी पोह्यांवर खोबरं मागितलं. पोहेवाल्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि विचारलं, "भिया, तबियत ठीक आहे ना?" माळव्यात भैयाचा भिया होतो, आणि तिथलं मराठी असंच भेटतं, अर्ध्या वाक्यात हिंदीच्या गाडीत बसतं आणि पुढच्या वळणावर उतरतं.

धारचा लाल दगडी किल्ला सकाळच्या उन्हात पिकल्या डाळिंबासारखा दिसत होता. त्याच्या उतारावरून खाली गेलं की गॅरेज. मोहनभियांच्या मिशा पाहून माझी खात्री पटली की हा माणूस माझ्याइतकाच थापाड्या असणार, आणि तसंच निघालं. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं की हत्तीणीच्या इंजिनाचा आवाज ऐकून ते तिला काय दुखतंय ते सांगू शकतात. मी जाहीर केलं की मी अंधार हुंगून किती वॉटचा दिवा लागेल ते सांगू शकतो. पाच मिनिटांत आमची दोस्ती झाली.

"जमाईबाबू, इसका चेहरा नाही बदलायचा," मोहनभिया म्हणाले. "तात्यासाहेबांनी सांगून ठेवलं आहे. बाहेरची रिंग तीच, काच तीच."

"फक्त नजर नवी," मी म्हणालो.

पण नजर बसेना. एलईडीच्या पाठीमागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांचं एक कुबड असतं, आणि हत्तीणीच्या दिव्याचा वाडगा उथळ. आम्ही आतल्या वायरी एका बाजूला सारल्या, एक जुना कंस कापला, कुबड तिरकं केलं, सरळ केलं. शेवटी मोहनभियांनी वाडग्यालाच आतून हातोडीनं चुचकारून जागा केली. त्यानंतर विजेचा प्रश्न. हत्तीणीची वीज सहा व्होल्टची, माझा दिवा बारा व्होल्टचा. मोहनभियांनी त्यावर सरळ उपाय काढला: बाजूच्या हत्यारांच्या पेटीत स्कूटरची छोटी बारा व्होल्टची बॅटरी बसवायची आणि दिवा तिच्यावर चालवायचा.

"इंजिन से इसका कोई रिश्ता नाही," ते म्हणाले. "इंजिन हळू चालो, बंद पडो, दिवा एकसारखा. पण बॅटरी घरी चार्जरवर लावावी लागेल. गाडी तिला चार्ज करणार नाही. समझ गए?"

"मला सांगता? माझं दुकान आहे विजेचं," मी म्हणालो. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

वायरी जोडल्या. मी बटन दाबलं. काही नाही. मोहनभियांनी दाबलं. काही नाही. मग आम्ही दोघांनी मिळून दाबलं, जसं काही दिव्याला एकट्यादुकट्याचा मान राखायचा नव्हता. मोहनभिया म्हणाले दिवा खराब. मी म्हणालो बॅटरी खराब. ते म्हणाले सांगलीचा माल. मी म्हणालो धारचा हात. आवाज चढले. शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून बघायला आला.

मग आमच्या दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला, आणि आधी कोणाच्या पडला यावर आमचं आजवर एकमत नाही. काही जुन्या गाड्यांच्या घराण्यांत उलटा रिवाज असतो: बॅटरीची प्लस बाजू गाडीच्या सांगाड्याला जोडलेली, आणि नवी बॅटरीही आम्ही जुन्या वायरींवर तशीच जोडली होती. साध्या बल्बला त्याचं काही नसतं. बिचाऱ्याला कुठूनही वीज द्या, तो जळतो. एलईडीचं तसं नाही. एलईडी हा जावई आहे. पुढच्या दारानं, पायांवर पाणी घालून आणलात तर घर उजळेल. मागच्या दारानं आणलात तर तोंड उघडणार नाही.

वायरी उलट केल्या आणि समोरच्या भिंतीवर असा पांढराशुभ्र प्रकाश पडला की भर दुपारी भिंतीवरची पाल दचकून पळाली. पंक्चरवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मी मोहनभियांना मिठी मारली. माझ्या पांढऱ्या शर्टावर उमटलेली ग्रीसची ती मिशी अजून निघालेली नाही, आणि शैलानं तो शर्ट धुवायचं सोडून दिलंय.

बॅटरी रात्रभर चार्जरवर राहिली. मी चक्क झोपेत हसत होतो, असं लॉजवाल्यानं सकाळी सांगितलं. भिंती पातळ होत्या.

धारहून पुढे

नवमीच्या सकाळी मी हत्तीणीवर स्वार झालो. आणि दिवा लावला.

का लावला, असं विचाराल. आजकालच्या नव्या गाड्यांचे दिवे दिवसाही जळतात, बंदच होत नाहीत. मग आमच्या हत्तीणीनं काय पाप केलं होतं? शिवाय माणूस नवीन घड्याळ घेतो तेव्हा बाही वर करतोच की.

सोयाबीनची काढणी चालली होती. दोन्ही बाजूंना काळी जमीन मोकळी झालेली, मधूनच मळणीयंत्राची धूळ, आणि रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या दाण्यांचे पिवळे पट्टे. आमच्याकडे ऊस समोरचं सगळं झाकून टाकतो. माळव्यात आभाळ जमिनीपर्यंत खाली येतं आणि तुम्हाला बघायला वेळच वेळ मिळतो. त्या मोकळ्या माळावरून मी दिवा लावून डुलत निघालो, आणि अख्ख्या माळव्यानं मला खुणा करायला सुरुवात केली. समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटं मिटून उघडत होता. दिवा चालू आहे, दिवा चालू आहे. ट्रकवाले, दूधवाले, ट्रॅक्टरवर बसलेला एक अख्खा कुटुंबकबिला. प्रत्येकाला मी अंगठा उंचावून उत्तर दिलं. पालखीत बसलेल्या सरदाराला मुजरे झडावेत तसं मला वाटत होतं.

चहाच्या टपरीवर एक फेटेवाले शेतकरी लसणाच्या पोत्यावर बसले होते. त्यांनी हत्तीणीकडे बराच वेळ पाहिलं.

"भिया, बत्ती चालू है," ते म्हणाले.

"हो. एलईडी आहे," मी म्हणालो.

"वो तो ठीक है. पर दिन है."

"दिखती है ना?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "दिख तो रही है," ते म्हणाले, आणि टपरीवाल्याकडे बघून मान हलवली. ती मान मी कौतुकाची समजलो.

पुढे हत्तीण बसली. इंदूर मागे पडल्यावर, एका निंबाखाली, एकदम. प्लग काढला, काजळी खरडली, फुंकर घातली, पुन्हा बसवला, पुन्हा लाथा मारल्या. उन्हात घाम गळत होता, वंगणाचा वास डोक्यात चढला होता. पण दिवा जळत होता. मी मधूनमधून पुढे जाऊन त्याच्याकडे बघायचो आणि पुन्हा उत्साहानं किक मारायला मागे यायचो. एका ट्रकवाल्यानं ट्रक थांबवून खाली वाकून सांगितलं, "उस्ताद, गाडी बंद है, लाइट चालू है." मी म्हणालो, "हीच तर खुबी आहे."

क्षिप्रेचा पूल ओलांडला, टेकडीवरची देवळं दिसायला लागली, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेला मी दिव्यासह देवासला पोचलो.

देवास

दारात शैला, तात्या आणि आत्याबाई उभे. आत्याबाई म्हणजे तात्यांची थोरली बहीण. वर्षभर ही देवी सांभाळायची, तिला नेसवायचं, तिची नथ चिंचेनं उजळायची, हे सगळं आत्याबाईंकडे. त्यांचं मराठी दरबारातून जसं आलं तसंच राहिलं आहे.

तात्यांनी दिव्यापुढे तळहात धरला. हाताच्या रेषा दिसल्या. त्यांनी तो उलटा करून पुन्हा धरला. "बापू," ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. पण गेल्या वर्षीचं गप्प राहणं आणि हे गप्प राहणं यांत जमीनअस्मानाचं अंतर होतं.

मी दिवा बंद केला आणि हात धुवायला गेलो. परत येतो तो आत्याबाईंनी हत्तीणीला हळदकुंकू लावून झालेलं, दिव्यावरून झेंडूची माळ घातलेली, पुढे नारळ ठेवलेला. खंडेनवमी. शस्त्रांची पूजा. आमच्याकडेही वाहनांना हार घालतात आणि लगेच त्याच वाहनावरून मिठाई आणायला जातात. दिवट्यांच्या घरी तसं नाही. पूजा झालेल्या हत्याराला पालखी निघेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मशालीच्या काळापासून हाच रिवाज.

"उद्या सांजेपावेतो हिला कोणी शिवायचं नाही," आत्याबाईंनी बजावलं.

मी जेवायला बसलो. एकाच ताटात श्रीखंड आणि दाल-बाफले! आमच्या सांगलीच्या मानानं हा आंतरजातीय विवाह. बाफला म्हणजे शिजवून मग भाजलेला कणकेचा गोळा. तो हातानं फोडायचा, त्यावर तूप ओतायचं, आणि वाढणारा माणूस थकेपर्यंत नको म्हणायचं नाही. जेवून मी टेकडीवर जाऊन आलो, गावात भटकलो, कचोरी खाल्ली. ज्या गावात देशाच्या नोटा छापतात त्या गावात कचोरीवाल्याकडे सुटे नव्हते. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "नोट छापते हैं भिया, चिल्लर नहीं."

मी हसत हसत वळलो आणि समोर पाहिलं. एका दुकानाबाहेर ई-रिक्षा उभी होती. तिच्यातून एक वायर निघून दुकानात गेली होती. चार्जिंग चाललं होतं.

माझं हसू तिथंच विरलं. मोहनभियांच्या मिशा डोळ्यांपुढे आल्या. गाडी तिला चार्ज करणार नाही. समझ गए? आणि मग ते सगळे हात आठवले, बोटं मिटणारे, उघडणारे, धारपासून देवासपर्यंत. निंबाखालची ती सगळी किक मारामारी. दिवा जळतच होता. चार्जर माझ्या पिशवीत होता, आणि बॅटरी झेंडूच्या हाराखाली, कडक सोवळ्यात.

घरी परतलो. शैलाला माझ्या चेहऱ्यावरून कळतं. "खरं सांगा, दिवसभर लाइट लावून आलात?"

"कोण म्हणतं?"

"तुमचा अंगठा. अजून वर आहे."

ती म्हणाली तात्यांना सांगा. मी ओसरीपर्यंत गेलो. तात्या हत्तीणीसमोर खुर्ची टाकून बसले होते, नुसते बघत. माझ्यानं सांगवेना.

दसऱ्याच्या पहाटे मी चार्जर घेऊन चोरपावलांनी अंगणात गेलो. पेटीच्या झाकणाला हात घालणार तेवढ्यात तुळशीपाशी तांब्याचा आवाज झाला.

"जावईबापू?"

"नमस्कार करत होतो, आत्याबाई."

"वायर घेऊन?"

मी वायरीला हात जोडले आणि आत आलो.

सीमेवर

संध्याकाळी आत्याबाईंनी पळीभर तेल घेतलं. मशालीला तेल घालायचा मान त्यांचा, आणि मशाल गेली तरी तेल राहिलं. त्यांनी हत्तीणीच्या दिव्याच्या काचेवर तेल घातलं. ते रिंगेवरून ओघळून वाडग्यात कुठंतरी शिरलं. "दिवटीस तेल," त्या म्हणाल्या, आणि तात्यांनी बटन दाबलं.

लागला. असा लागला की गल्लीच्या टोकाला उभ्या बैलाची शिंगं चमकली. ताशे सुरू झाले. तात्या हत्तीणीवर बसून पाय टेकत टेकत मुंगीच्या चालीनं निघाले, इंजिन नुसतं पुटपुटत होतं, धूर नाही, खोकला नाही, आणि रस्त्यावरचा खडान् खडा दिसत होता. खिडक्यांतून माणसं वाकली. पालखीच्या मागून अण्णांची पिकअप येत होती, दोन हॅलोजन आणि वर छत्र धरलेला अण्णांचा पुतण्या. मी तात्यांच्या शेजारून चालत होतो. प्रत्येक पावलाला मला वाटायचं, पोचलो, आणि पुढच्या पावलाला वाटायचं, नाही.

सीमा दिसायला लागली. शमीची फांदी रोवलेली, पंच उभे. आणि दिवा मंदावला. मग लुकलुकला, जशी झोप आलेल्या माणसाची पापणी. तात्यांनी हत्तीण मागे वळवली, तोंड देवीकडे केलं, आणि ओवाळण्यासाठी हँडल उजवीकडे फिरवलं. दिवा गेला.

ताशे थांबले. मागचे हॅलोजन तेवढे जळत होते, आणि त्यांच्या उजेडात पालखीची पाठ आणि आमच्यावर पडलेली तिची सावली.

कोणीतरी म्हणालं, "तेल गेलं आत." सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी हातातल्या पळीकडे पाहिलं, आणि ती पदराखाली लपवली. बहात्तर खोड्या करून मी या वयाला पोचलोय, पण ती पळी पदराखाली जाताना बघणं मला जमलं नाही.

"तेलाचा काही दोष नाही," मी ओरडून सांगितलं. ताशे बंद असल्यानं ओरडण्याची गरज नव्हती, हे नंतर कळलं. "बॅटरी संपली. धारपासून देवासपर्यंत मी भर उन्हात दिवा लावून आलो. शोभेसाठी."

तात्यांनी हँडल सोडलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

पालखीच्या मागून आवाज आला. "सूरज को टॉर्च दिखा रहे थे, जमाईबाबू?" अण्णांचा आवाज. मग पिकअपचं बॉनेट उघडल्याचा आवाज. मग हॅलोजन विझले, आणि आता खरोखरच सगळीकडे काळोख झाला.

"चलो, बाजू व्हा," अण्णा म्हणत होते. ते पिकअपची अख्खी बॅटरी छातीशी धरून, धापा टाकत पालखीच्या बाजूनं येत होते. पालखीच्या दांड्याशी आले आणि थबकले. पुढे यायचं नाही, हा नियम. पंच खाकरले.

"अण्णा, पुढे पाऊल टाकू नका," पंच म्हणाले.

"आज काय आहे?" अण्णांनी विचारलं.

"दसरा."

"मग सीमोल्लंघनच करतो आहे ना मी," अण्णा म्हणाले आणि दांडा ओलांडून पुढे आले. "तात्या, मान घेईन तर भांडून घेईन. देवीला अंधारात उभी करून नाही घेणार."

"वायर दे इकडे," तात्या मला म्हणाले. मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

आम्ही पेटी उघडली. पिकअपच्या बॅटरीचे खांब जाड, आमच्या वायरींची टोकं बारीक, बसेनात. अण्णांनी हत्तीणीशेजारी रस्त्यावरच बसकण मारली, बॅटरी मांडीवर घेतली आणि दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरली.

"प्लस कुठली?" त्यांनी विचारलं.

"उलटी," मी म्हणालो. "हिचं सगळं उलटं आहे."

"धाकट्या पातीची गाडी," अण्णा पुटपुटले, आणि टोकं बदलली.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला लागणार नाही. मान तात्यांकडेच राहिला. पंचांना निवाडा करायची वेळच आली नाही, कारण तक्रार करणाराच वायर धरून बसला होता. आत्याबाईंनी अण्णांच्या हातावर पहिलं सोनं ठेवलं आणि तेलाची पळी त्यांच्याच सदऱ्याला पुसली, तेही माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही. बॅटरीच्या पेटीवर आता शैलाच्या अक्षरात मोठी चिठ्ठी आहे: दिवसा लावू नये, जावयांनी तर नाहीच.

पण मला थांबायचं आहे ते त्या क्षणापाशी. दिवा लागला. पांढरा, एकसारखा, न थरथरणारा. तात्यांनी हँडल हळूच उजवीकडे नेलं, मग डावीकडे, आणि उजेड झेंडूच्या राशीवरून सरकत वर चढला, शालूच्या काठावरून, हारांच्या मधून, आणि देवीच्या तोंडावर येऊन थांबला. मशालीच्या धुरात आणि उदबत्तीएवढ्या दिव्यात जे कधी कोणाला नीट दिसलं नव्हतं ते एवढंसं पितळी तोंड, लख्ख. ताशेवाल्यांनाही वाजवायचं सुचलं नाही. आणि त्या शांततेत, जन्मभर पालखीच्या मागून छत्र धरून चाललेले अण्णा, रस्त्यावर मांडी घालून, दोन्ही हातांत वायरी गच्च धरून, वर बघत मोठ्यांदा बोलून गेले:

"अरे, हिला नथ आहे?"